'जा, झोप आता!'

सही माझीच होती. म्हणजे तशी दिसत होती. पहिल्या अक्षराचा लपेटा, शेवटची आडवी रेघ, रेघेखालचे दोन ठिपके, सगळं जागच्या जागी. चूक फक्त एकच होती. सहीच्या आधी 'सौ.' लिहिलेलं होतं. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण बँकेत किंवा शाळेच्या मस्टरवर, कुठेही सही करताना मी 'सौ.' लिहीत नाही. लग्नपत्रिकांवर आणि हळदीकुंकवाच्या निमंत्रणांवर लोक लिहितात, त्यावरून आमच्या चिरंजीवांचा समज झाला असावा की आईचं नाव 'सौ.'पासूनच सुरू होतं.

झालं असं, की गणपतीच्या पंधरा दिवस आधी एका मुलीचा फोन आला. "काकू, शनिवारी सरावाला जरा उशीर होईल, चालेल ना? संमतिपत्रावर तुमचा नंबर आहे म्हणून केला." कसला सराव, कसलं संमतिपत्र? मी गडबडले, पण शिक्षिकेचं डोकं अशा वेळी बरं चालतं. "त्याचा एक फोटो पाठव गं," म्हटलं. दोन मिनिटांत मोबाइलवर आला. ढोल-ताशा पथकात आमच्या मुलाला घ्यायला माझी हरकत नाही, तो सुरक्षित घरी परत येईल ही जबाबदारी माझी, आणि खाली ती सही. 'सौ.'सकट.

मुलगा यंदा दहावीला. संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ क्लासचं 'डाउट सेशन' असतं, तिथे तो गेले तीन आठवडे जातोय अशी आमची समजूत होती. हे कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरीला. घरी येईपर्यंत आठ वाजतात. मी दुपारी शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते आणि संध्याकाळी स्वयंपाकात असते. त्यामुळे पोराचं चांगलंच फावलं होतं. पथकात जायचंय हे त्याने जूनमध्ये एकदा बोलून दाखवलं होतं. "दहावी आहे, लक्षात आहे ना?" एवढंच हे म्हणाले आणि विषय संपला. म्हणजे संपला असं आम्हाला वाटलं.

आता मनातलं खरं सांगते. तो फोटो पाहिल्यावर पहिला विचार आला तो रागाचा नव्हता. पहिला विचार होता, ह्यांना कळू द्यायचं नाही. आपण बायका यात किती तरबेज असतो! प्रगतिपुस्तकावर गुपचूप सही करायची, फुटलेल्या मोबाइलच्या काचेचे पैसे भिशीतून भरायचे, मुलगी मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेली तर 'वाचनालयात गेलीय' म्हणायचं. आपल्याला वाटतं, आपण मुलांची बाजू घेतोय. मलाही त्या दिवशी दुपारपर्यंत तसंच वाटत होतं. मग मेमध्ये पाहिलेला एक सिनेमा आठवला, आणि त्यातली एक आई.

सुटीत पुण्याहून पुतण्या आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "काकू, तुम्ही शिक्षिका आहात आणि हा सिनेमा पाहिला नाहीत?" म्हणून त्याने लॅपटॉपवर 'डेड पोएट्स सोसायटी' लावला. १९८९ चा अमेरिकन चित्रपट. दिग्दर्शक पीटर वेअर, आणि मास्तरांच्या भूमिकेत रॉबिन विल्यम्स. पटकथा लिहिली टॉम शुलमन यांनी, त्यासाठी त्यांना ऑस्करही मिळालं. ते स्वतः नॅशव्हिलच्या एका मुलांच्या शाळेत शिकले होते आणि तिथले एक शिक्षक डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी ही भूमिका लिहिली.

गोष्ट आहे १९५९ सालची. वेल्टन नावाची मुलांची निवासी शाळा (ही मात्र काल्पनिक). परंपरा, प्रतिष्ठा, शिस्त आणि गुणवत्ता हे शाळेचे चार खांब. मोठ्या घरची किंवा मोठं होऊ पाहणाऱ्या घरची मुलं तिथे येतात आणि डॉक्टर, वकील, बँकर होण्यासाठी बाहेर पडतात. तिथे कीटिंग नावाचे इंग्रजीचे नवे शिक्षक येतात. पहिल्याच दिवशी ते मुलांना व्हरांड्यातल्या काचेच्या कपाटापाशी नेतात आणि जुन्या विद्यार्थ्यांचे फोटो दाखवतात. हसरे, तुकतुकीत चेहरे. तुमच्यासारखीच होती ही मुलं, आता यांची माती झाली, म्हणून आजचा दिवस हातचा घालवू नका, असं सांगतात. हा विचार मूळ होरेस या रोमन कवीचा, दोन हजार वर्षांपूर्वीचा. इंग्रजीत त्याचा अर्थ 'दिवस पकडा' असा करतात, पण लॅटिनमधलं मूळ क्रियापद म्हणे 'खुडणे' या अर्थाचं आहे. मला ते फार आवडलं. आमच्या परसात चार भेंडीची झाडं आहेत. भेंडी कोवळी असतानाच खुडावी लागते. दोन दिवस 'उद्या बघू' म्हटलं की निबर होते, मग ती ना भाजीला ना कशाला.

पुढच्या एका तासाला कविता कशी मोजायची हे आलेख काढून सांगणारी प्रस्तावना कीटिंग सर मुलांना पुस्तकातून फाडून टाकायला लावतात. मी हसले, आणि लगेच माझं हसू मावळलं. कारण दहावीला कवितेचं रसग्रहण मी कसं शिकवते? आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं. मुद्दा आला की गुण. कविता आवडली का, हे गेल्या आठ वर्षांत मी एकाही मुलाला विचारलेलं नाही. अर्थात पान फाडायला सांगितलं असतं तर मुख्याध्यापकांनी मला दुसऱ्या दिवशी चहाला बोलावलं नसतं. अर्धवेळ शिक्षिकेला बंडखोरी परवडत नाही.

तुम्ही म्हणाल, अशा मास्तरांनी मुलं बिघडतात. चित्रपट तेही दाखवतो, म्हणून तो मला प्रामाणिक वाटला. चार्ली नावाचा एक श्रीमंत, उनाड मुलगा शाळेच्या वार्तापत्रात परस्पर छापून टाकतो की शाळेत मुलींनाही प्रवेश द्या. त्यावर सभा भरते, तर भर सभेत फोनची घंटा वाजवून 'देवाचा फोन आहे' म्हणून मुख्याध्यापकांची टिंगल करतो. त्याला छडी बसते आणि आता सर पाठ थोपटतील म्हणून तो ऐटीत बसतो. पण सर त्यालाच झापतात. धाडस केव्हा करायचं आणि सांभाळून केव्हा राहायचं हे ज्याला कळतं तो शहाणा, नुसतं शाळेतून काढून घेण्यात कसली मर्दुमकी, असा त्यांच्या बोलण्याचा रोख. आपल्या हिंदीतही २००० साली 'मोहब्बतें' आला. ते गुरुकुल, तसेच खांब, कडक मुख्याध्यापक अमिताभ आणि व्हायोलिन वाजवणारा शाहरुख. पण तिथे सगळं बंड प्रेमात पडण्यापुरतं, आणि शेवटी मुख्याध्यापकच हात जोडतात. गाणी छान होती. मूळ चित्रपटात मात्र एवढ्या सहजासहजी सुटका नाही.

त्यात नील नावाचा मुलगा आहे. हुशार, सगळ्यांचा लाडका. वडिलांनी त्याचं सगळं ठरवून ठेवलंय. आधी हार्वर्ड, मग डॉक्टरकी. तो शाळेच्या वार्षिकांकाचं काम करतो, तर अभ्यासाला अडथळा नको म्हणून वडील येऊन तेही काढून घेतात. पोरगा मान खाली घालून 'हो' म्हणतो. मग त्याला कळतं की आपल्याला नाटकात काम करायचंय. गावातल्या नाटकात, शेक्सपिअरच्या 'मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये, त्याला पकची भूमिका मिळते. परवानगी मागितली तर मिळणार नाही हे ठाऊक असल्याने तो वडिलांच्या नावाने मुख्याध्यापकांना खोटं पत्र लिहितो. (आता कळलं ना, मला सिनेमा का आठवला ते?) सर त्याला सांगतात, वडिलांशी बोल, मला जे सांगतोस ते त्यांना सांग. तो बोलत नाहीच. 'बोललो, ते हो म्हणाले' अशी सरांनाही थाप मारतो.

वडील काही राक्षस नाहीत, बरं का. घरची फार श्रीमंती नाही. आपल्याला जे मिळालं नाही ते मुलाला मिळावं म्हणून ओढग्रस्तीने त्याला त्या शाळेत घातलंय. रात्री झोपताना सपाता पलंगाशी ओळीत नीट लावून ठेवणारा माणूस. असे पुरुष आपल्या ओळखीचे असतात. काहींच्या तर घरातच असतात.

नाटकाचा प्रयोग सुरेख होतो, टाळ्या पडतात. वडील सभागृहात मागे उभे असतात. ते त्याला तिथूनच घरी आणतात. उद्या या शाळेतून नाव काढायचं, लष्करी शाळेत घालायचं, मग हार्वर्ड, मग डॉक्टर, असा निकाल सुनावतात. मुलगा म्हणतो, आणखी दहा वर्षं! वडील विचारतात, तुला काय वाटतं ते तरी बोल. नाटकाचं असेल तर विसर. मग काय? आणि मुलगा म्हणतो, काही नाही.

आई त्या खोलीतच आहे. पूर्ण वेळ. सिगारेट ओढत, डोळ्यांत पाणी आणून. वडील निघून गेल्यावर ती मुलाजवळ येते. तो तिला एवढंच सांगतो, की मी चांगलं काम केलं गं, खरंच चांगलं केलं. आणि ती म्हणते, जा, झोप आता.

त्याच रात्री तो मुलगा स्वतःचा जीव संपवतो.

मी पुतण्याला म्हटलं, "थांबव जरा." त्याला वाटलं, काकूला रडू आलं. आलं होतंच. पण माझ्या कानात वेगळाच आवाज वाजत होता.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझं माहेर तासगावचं. एस.वाय.ला होते, एसटीने सांगलीच्या कॉलेजात येऊन-जाऊन करायची. युवा महोत्सवासाठी कॉलेजची एकांकिका बसत होती. एका मुलानेच लिहिलेली. त्यात एसटी स्टँडवर बसून राहणारी सत्तर वर्षांची म्हातारी होती आणि ते काम मला मिळालं होतं. एकोणिसाव्या वर्षी सत्तरीची बाई! पण पहिल्या वाचनातच सगळे गप्प झाले होते. आपल्याला काहीतरी येतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तालमी संध्याकाळी. घरी पोचायला साडेआठ व्हायचे. चौथ्या दिवशी अप्पा दारातच उभे. "रात्री साडेआठला घरी येणाऱ्या मुली आपल्याकडे नाहीत. नाटक बंद, नाहीतर कॉलेज बंद." एवढी दोन वाक्यं. मी आईकडे पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. तिने ताटातली मान वर केली नाही. रात्री माझ्या अंथरुणाशी आली, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जा, झोप आता. सकाळी सहाची गाडी आहे."

मी काही जीवबीव दिला नाही. झोपले. सकाळी सहाची एसटी पकडली, नाटकातून नाव काढलं, बी.ए. झाले, लग्न झालं. माझं काही वाईट झालं असं मी म्हणणार नाही. सांगलीसारख्या नाट्यपंढरीत दिलं गेलं, जिथे विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली पहिलं नाटक केलं. नाटकं पाहायला मी नेहमी जाते. तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसते. पण बाहेरगावच्या एसटी स्टँडवर एखादी म्हातारी एकटी बसलेली दिसली की मी अजूनही थबकून तिच्या हातांकडे बघते, ती पिशवी कशी धरते ते.

मला नेहमी गंमत वाटते ती आपल्या दुटप्पीपणाची. टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट ज्याला माहीत नाही असं मराठी पोर सापडायचं नाही. मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही! १ ऑगस्टला हेच भाषण मुलांकडून आपणच पाठ करून घेतो. आणि आमच्या शाळेत एखादा म्हणाला, 'बाई, मी गोंधळ केला नाही, मी उभा राहणार नाही', तर? मी स्वतःच दोनदा अशा मुलाला वर्गाबाहेर काढलंय. आगरकरांचंही तसंच. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा हा गरीब मुलगा एम.ए.चा अभ्यास करत असताना आईला पत्र लिहितो, की आता मुलाला मोठ्या पगाराची नोकरी लागेल अशी आशा धरू नकोस, मी पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ लोकांच्या कामात घालवणार. आणि खरोखरच न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर झाले, चाळिशी न गाठता १८९५ साली गेले. ते पत्र वाचून आपला ऊर भरून येतो. पण मला नेहमी प्रश्न पडतो, की ते पत्र हातात पडलेल्या त्या माउलीचं त्या दिवशी काय झालं असेल? आज असं पत्र, किंवा असा एखादा मेसेज, आपल्याला आला तर आपण ऊर भरून घेऊ, की मामाला फोन करून म्हणू 'जरा समजाव रे याला'?

असो. त्या सहीकडे वळते.

ठरवलं, की लपवायचं नाही. ह्यांना सांगायचं, आणि तेही मुलाच्या समोर. आधी मुलाला सांगितलं की मला कळलंय आणि मी बाबांना सांगणार आहे. त्याचा चेहरा असा झाला, की मी त्याच्या थोबाडीत मारली असती तरी तसा झाला नसता. "तू चुगली करणार?" म्हणाला. "मी तुझी सही केली, कारण तू काही म्हणणार नाहीस असं मला वाटलं." विचार करा, मैत्रिणींनो. वडिलांची सही त्याने केली नाही. त्यांची भीती वाटते. आईची केली, कारण ती काही म्हणत नाही!

रात्री जेवणं झाल्यावर मी फोटो ह्यांच्यासमोर ठेवला. व्हायचं तेच झालं. आवाज चढला. शेजारच्या वहिनींनी टीव्हीचा आवाज कमी केला, म्हणजे ऐकायला सोयीचं. "उद्यापासून पथक बंद. मोबाइल इकडे दे. क्लासची फी काय झाडाला लागते?" मुलगा खाली बघत उभा. मी म्हटलं, "अहो, सही माझी आहे, तेव्हा मला बोलू द्या. खोटं बोलला त्याची शिक्षा त्याला होईलच. पण पथक बंद करायचं की नाही, ते त्याचं ऐकून ठरवू. तो आत्ता बोलेल आणि आपण दोघं ऐकू." सोळा वर्षांत ह्यांच्यासमोर, मुलाच्या देखत, असं वाक्य मी बहुधा पहिल्यांदा उच्चारलं. पाय थरथरत होते, ओट्याला टेकून उभी होते.

हे म्हणाले, "बोल." आणि मुलगा म्हणाला, "काही नाही."

माझ्या अंगावर काटा आला. तोंडात आपोआप ते वाक्य आलंच होतं, की बरं, जा झोप आता, उद्या बघू. गिळलं. म्हटलं, "आम्ही बसलोय." आणि खरंच बसलो. साडेदहा वाजले, अकरा वाजले. ह्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मी मध्येच उठून भांडी लावली, कारण नुसतं बसून राहणं मला जमत नाही. सव्वाअकराला तो बोलायला लागला आणि मग थांबेना. दहावी झाल्यावर वाजव म्हणता, मग बारावी आहे, मग सीईटी आहे, मग नोकरी. नदीकाठी पन्नास ढोल एकदम वाजतात तेव्हा छातीत कसं होतं, हे तुम्हाला माहीतच नाही. तिथे मला कुणी टक्के विचारत नाही. पहिले आठ दिवस टिपरू धरून बोटं सोलली, तरी मी सोडलं नाही, आणि गणितात मला कुणी असं काही सोडलं नाहीस म्हणून शाबासकी दिलेली नाही.

हे बराच वेळ गप्प होते. ह्यांचे वडील हे अकरावीत असताना गेले. डिप्लोमा केला तो लवकर नोकरी मिळते म्हणून. "मला काय करायचंय, हे मला कुणी विचारलंच नव्हतं," एवढंच म्हणाले. तक्रार म्हणून म्हणाले की उत्तर म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. मग उठून दाराची कडी लावून आले. सकाळी चहाच्या वेळी पेपरच्या आडून निकाल आला. "शनिवार-रविवार जा. मधल्या दिवशी क्लास. आणि ते संमतिपत्र खोटं होतं, हे तिथे जाऊन तूच सांगायचं. आई येणार नाही."

सगळं गोड झालं असं समजू नका. पथकवाल्यांनीही शिस्त दाखवली. पाचव्या दिवशीच्या मिरवणुकीत त्याला ढोल दिला नाही, पाणी वाटायला ठेवलं. मुलगा चार दिवस माझ्याशी धड बोलत नव्हता. शेवटच्या दिवशी मात्र वाजवलं त्याने, कंबरेला दोरीचे वळ उठेपर्यंत. हे मिरवणूक पाहायला आले नाहीत, पण रात्री साडेबाराला त्याला आणायला स्कूटर घेऊन गेले. घटक चाचणीत गणितात सात गुण कमी पडले. ह्यांनी त्या आकड्यावर नुसतं बोट ठेवलं. मार्च अजून यायचाय, आणि अकरावीला सायन्स की आर्ट्स हे भांडण तर सुरूही झालेलं नाही. तेव्हा माझं कौतुक इतक्यात करू नका.

एक मात्र करते. तो खोलीत एकटा, दार लावून, फार गप्प असला की आता मी 'अभ्यास करतोय' असं गृहीत धरत नाही, दार वाजवते. माझ्याकडे वर्गातल्या मुलांच्या आया येतात, त्यांनाही सांगते. पोर खायचं-प्यायचं बंद झालं, 'मी नसलो तर बरं' असलं काही बोललं, तर ते नाटक समजू नका. टेलि-मानस ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे. १४४१६ हा नंबर, पैसे पडत नाहीत, मराठीतूनही बोलता येतं. स्वयंपाकघरात कॅलेंडरवर गॅसवाल्याच्या नंबराशेजारी मी तो लिहून ठेवलाय.

आणि हो, एक राहिलंच. गौरीजेवणाला आई आली होती. नातवाच्या हातांचे फोड पाहून तिने तेल-हळद लावली, काही विचारलं नाही. तो खेळायला गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. पुरण शिजत होतं, ती घोटत होती. मग धीर करून विचारलं, "आई, त्या दिवशी तू अप्पांना काहीच कशी म्हणाली नाहीस गं?"

ती घोटतच राहिली. म्हणाली, "बोलले असते तर कॉलेजच बंद झालं असतं तुझं. त्यांचं तोंडातून निघालं की ते मागे घ्यायचे नाहीत. कॉलेज राहू दे म्हणून मी गप्प राहिले." एकोणीस वर्षं मी तिच्या त्या गप्प राहण्याचा मनात राग धरला होता. आणि तिने तर सौदा केला होता! तो बरोबर होता की चूक, ते मला अजूनही ठरवता येत नाही.

थोड्या वेळाने तिने पळी बाजूला ठेवली. "काय काम होतं गं तुझं त्या नाटकात?"

मी सांगितलं. एसटी स्टँड, म्हातारी, पिशवी. "मग काय म्हणायची ती?"

पहिलं वाक्य मला पाठच होतं. पदराला हात पुसले, ओट्याशी जरा वाकून उभी राहिले आणि म्हटलं, "कंडक्टर, गाडी कुठं जाते ते नका सांगू. कधी सुटते, तेवढं सांगा."

आईने गॅस बारीक केला. म्हणाली, "पुढचं म्हण."